अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. तिच्यासाठी मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी ओपिऑइड, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींना चिकटून वेदनेची जाणीव मंदावणारी औषधे, सलग काही आठवडे घेतली की शरीर त्यांना सरावते. पूर्वीच्याच मात्रेने पूर्वीइतका आराम पडेनासा होतो, ही सह्यता होय. आणि गोळी चुकताच जांभया, घाम, नाक गळणे, पोटात मुरडा व झोप उडणे ही लक्षणे उमटतात, ते शारीरिक अवलंबित्व होय. व्यसन याहून निराळे आहे, कारण त्यात नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ आवरत नाही. हा भेद न जाणता वेदनाग्रस्ताला नशेबाज ठरवणे हा उघड अन्याय आहे.

औषध एकाएकी तोडणे मात्र धोक्याचे असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तसा इशारा दिला, कारण अशा रुग्णांत असह्य वेदना आणि आत्महत्येच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. वर्षभराहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवावी, आणि सोबत व्यायामोपचार, झोपेची घडी व मानसोपचार यांची जोड द्यावी, असे आज मानले जाते. मात्रा उतरल्यावर सह्यताही घटते, त्यामुळे जुनी मात्रा पुन्हा एकदम घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हा धोका आणखी वाढतो.

ही औषधे मिळणे कायद्यावरही अवलंबून असते: भारतात अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन मिळवण्याची वाट काहीशी सोपी झाली, तर २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याच्या कक्षेत आले.