मनाला लावून घेतलं म्हणून आजार झाला?

"फार मनाला लावून घेतेस तू सगळं, म्हणून हे दुखणं मागे लागलं." कॅन्सर असो, संधिवात असो, सोरायसिस असो, भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हे वाक्य बोलून जातंच. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण माणसं निघून गेल्यावर अंथरुणावरची बाई एकटीच विचार करत राहते, की म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का? याच्या दुसऱ्या टोकालाही एक वाक्य आहे. गेलं वर्षभर घरात काय काय चाललंय ते सांगायला जावं, तर "त्याचा इथे काय संबंध, रिपोर्ट दाखवा" असं ऐकून घ्यावं लागतं.

दोन्ही वाक्यं चूक आहेत. भावना आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं खरं आहे, ते मोजता येतं, आणि ते दोन्ही दिशांनी चालतं. मात्र त्याचा आवाका किती, हे लोकांपर्यंत नीट पोचलेलं नाही. अर्धवट पोचलेल्या माहितीने आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. म्हणून हे सविस्तर सांगणं मला गरजेचं वाटतं.

"मनाचा आणि पांढऱ्या पेशींचा काय संबंध?"

१९७५ पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञही हेच म्हणत. प्रतिकारयंत्रणा स्वतंत्रपणे काम करते, मेंदू तिच्यात ढवळाढवळ करत नाही, असं पाठ्यपुस्तकांत असे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर हे मानसशास्त्रज्ञ उंदरांवर एक साधा प्रयोग करत होते. उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी पाजायचं आणि लगेच सायक्लोफॉस्फमाइड टोचायचं. या औषधाने मळमळतं, त्यामुळे उंदीर पुढे गोड पाण्याला तोंड लावेनासे होतात. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. पण नंतर नुसतं गोड पाणी दिलं, औषध अजिबात दिलं नाही, तरी काही उंदीर मरू लागले.

सायक्लोफॉस्फमाइडचा आणखी एक गुण आहे. ते प्रतिकारशक्ती दाबतं. एडर यांना शंका आली, की उंदरांचं शरीर त्या चवीबरोबर मळमळ शिकलं, तसंच प्रतिकार आवरायलाही शिकलं की काय? प्रतिकारशास्त्रज्ञ निकोलस कोहेन यांना सोबत घेऊन त्यांनी पद्धतशीर प्रयोग केला. उंदरांना मेंढीच्या लाल रक्तपेशी टोचल्या. परक्या पेशी दिसल्या की शरीर प्रतिपिंडं बनवतं. ज्या उंदरांना पुन्हा ते गोड पाणी मिळालं, त्यांच्यात प्रतिपिंडं कमी बनली. जिभेवरची एक चव, तिची मेंदूतली आठवण आणि रक्तातली प्रतिपिंडं एका दोरीत बांधलेली निघाली. पुढे डेव्हिड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्लीहेत आणि लसिका ग्रंथींत मज्जातंतू थेट प्रतिकारपेशींच्या शेजारी जाऊन टेकलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. या पेशींकडे अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संबंध आहे की नाही, हा प्रश्न तिथे संपला.

"टेन्शन आलं की प्रतिकारशक्ती घसरते"

हे सरसकट खरं नाही. रस्त्यात समोरून ट्रक अंगावर आला, मुलाखतीला नाव पुकारलं, स्टेजवर माइक हातात आला, अशा वेळी काही मिनिटांतच रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशींची संख्या वाढते. आदिम काळात भीतीच्या पाठोपाठ बहुधा जखम यायची, आणि जखमेतून जंतू. शरीर आधीच शिपाई तैनात करतं. सुझन सेगरस्ट्रॉम आणि ग्रेगरी मिलर यांनी २००४ मध्ये तीस वर्षांतले २९३ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून सुमारे १९,००० माणसं होती. मिनिटांचा ताण पहिल्या फळीचा प्रतिकार वाढवतो. महिनोन् महिने चालणारा, सुटकेची चिन्हं नसलेला ताण मात्र प्रतिकाराच्या जवळजवळ सगळ्या बाजू खिळखिळ्या करतो. तेव्हा परीक्षेच्या सकाळी मुलाच्या पोटात गोळा आला तर त्याच्या तब्येतीची काळजी करण्याचं कारण नाही.

ताण आणि आजार यांच्या संबंधाचा सर्वांत स्वच्छ पुरावा सर्दीने दिला. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ सर्दीवर संशोधन करणारी एक संस्था होती. तिथे स्वयंसेवक राहायला येत, नाकात विषाणूचे थेंब घालून घेत आणि आठवडाभर इतरांपासून वेगळे राहत. रोज कुणीतरी येऊन शिंका, नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी यांची नोंद करी. दिवसभरात कागदी रुमाल किती वापरले तेही मोजलं जाई. शेल्डन कोहेन यांनी तिथल्या ३९४ निरोगी माणसांचा ताण आधीच प्रश्नावलीने मोजून ठेवला होता. १९९१ मध्ये निकाल छापून आले. सगळ्यांत कमी ताण असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना सर्दी झाली, सगळ्यांत जास्त ताण असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना.

हे आकडे उलटूनही वाचले पाहिजेत, आणि ते सहसा कुणी करत नाही. नाकात प्रत्यक्ष विषाणू सोडूनसुद्धा, सगळ्यांत जास्त ताणाखालच्या निम्म्याहून अधिक माणसांना सर्दी झाली नाही. आणि शांत, निवांत माणसांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक शिंकत होते. ताणाने शक्यता वाढते, नशीब लिहिलं जात नाही. शिवाय विषाणूच नसता तर कितीही ताणाने सर्दी झाली नसती. १९९८ मध्ये कोहेन यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा महिन्याच्या आत मिटलेल्या ताणाचा सर्दीशी संबंध दिसला नाही. महिन्याहून लांबलेल्याचा दिसला, त्यातही विशेषतः बेकारीचा आणि माणसामाणसांतल्या तेढीचा.

"प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं"

ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे खरं तर दाह शमवणारं रसायन आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी त्याचंच भावंड असलेलं कॉर्टिसोन ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाला दिलं, आणि खिळलेली व्यक्ती चालू लागली. १९५० चं नोबेल या कामाला मिळालं. मग दीर्घ ताणात दाह कमी व्हायला हवा, तो वाढतो कसा? गिरणीचा भोंगा दिवसरात्र वाजत राहिला तर वस्तीतले लोक त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात, तसं काहीसं पेशींचं होतं. सतत कॉर्टिसॉल ऐकून त्या बधिर होतात आणि दाह आवरत नाही. शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं.

म्हणजे नुसतं "प्रतिकारशक्ती कमी झाली" म्हणून भागत नाही. जंतूंशी लढाई मंदावते आणि नको तिथे दाह धुमसत राहतो. ल्युपस किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर चालून जाते. अशा रुग्णाला "इम्युनिटी वाढव" असा सल्ला देणं धोक्याचं आहे, आणि त्यापायी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मनाने बंद करणं त्याहून धोक्याचं.

"उदास राहिलं की माणूस आजारी पडतो"

याची उलट बाजू फार कमी लोकांना माहीत असते. आजारच माणसाला उदास करतो, आणि तो रसायनांतून करतो. चिकुनगुनिया किंवा डेंग्यू झालेल्यांना हे सांगायला नको. ताप उतरला तरी उठावंसं वाटत नाही, जेवण नको, कुणाशी बोलणं नको, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, आता बरा झालास ना, मग मनाने उभारी धर. पण ही अवस्था मनाचा कमकुवतपणा नव्हे. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. ते रक्तातून आणि मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोचतात, आणि मेंदू शरीराला अंथरूण धरायला लावतो. शक्ती तापासाठी राखून ठेवायची असते.

हे पडताळून पाहण्याची एक संधी औषधांमुळेच मिळाली. इंटरफेरॉन हे असंच एक निरोपाचं रसायन. हिपॅटायटिस सी आणि मेलानोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरवर ते इंजेक्शनने देत असत. धडधाकट मनाची माणसं उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोल नैराश्यात जाऊ लागली. २००१ मध्ये मेलानोमाच्या ४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉनच्या आधी दोन आठवड्यांपासून निम्म्यांना नैराश्यावरचं औषध दिलं होतं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांना नैराश्य आलं, औषधवाल्यांपैकी ११ टक्क्यांना. जुनाट सांधेदुखीच्या रुग्णाला "तू खचलास म्हणून दुखतंय" म्हणण्याआधी हे आठवावं. दुखतंय, शरीरात दाह आहे, म्हणूनही तो खचलेला असू शकतो.

यावरून "नैराश्य म्हणजे दाहच" अशी उडी मात्र मारू नये. दाह शमवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नैराश्याच्या ६० रुग्णांवर वापरून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सर्वांचा मिळून फायदा झाला नाही. ज्यांच्या रक्तात आधीच दाहाचं प्रमाण जास्त होतं, त्यांना झालेला दिसला.

"पोटातला अल्सर काळजीने होतो"

पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर हे दुसरं मोठं कारण. तोवर कित्येक पिढ्यांना "स्वभाव बदल" असंही सांगितलं गेलं होतं.

"सकारात्मक राहा, कॅन्सर पळून जाईल"

या गैरसमजाने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण तो रुग्णाचं रडणंही हिरावून घेतो.

आधी कारणाचं बघू. बारा युरोपीय अभ्यासांतल्या एक लाख सोळा हजार माणसांची माहिती २०१३ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा कामाच्या ताणाचा कॅन्सरशी संबंध आढळला नाही. डेन्मार्कमध्ये, ज्यांच्या मुलांना कॅन्सर झाला अशा अकरा हजारांहून अधिक आईवडिलांचा मागोवा घेतला गेला. यापेक्षा मोठा धसका कोणता असणार? त्या आईवडिलांमध्येही कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. ताणाखाली माणूस तंबाखू जास्त खातो, दारू पितो, तपासणी टाळतो, दुखणं अंगावर काढतो. त्या वाटेने धोका वाढू शकतो. पण तो तंबाखूचा धोका आहे.

आता बरं होण्याचं. जेम्स कॉइन यांनी २००७ मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू आणि मिश्रीमुळे हा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. रुग्णांची मनःस्थिती उपचारांच्या सुरुवातीला मोजलेली होती. मन प्रसन्न असलेले जास्त जगले, असं काहीही दिसलं नाही. त्याआधी १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी, गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्तनकॅन्सरच्या स्त्रिया जवळजवळ दीड वर्ष जास्त जगल्या, असं मांडलं होतं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. २००१ च्या निकालात आयुष्य वाढलेलं नव्हतं. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही पहिला निकाल हाती लागला नाही. मात्र कॅनडातल्या त्या स्त्रियांची मनाची घालमेल आणि वेदना कमी झाली होती. ही कमाई लहान नाही. समुपदेशन घ्यावं ते यासाठी. गाठ विरघळवण्याचं काम केमोथेरपीचं, शस्त्रक्रियेचं आणि रेडिएशनचं. ज्याला रडावंसं वाटतं त्याला रडू द्यावं, त्याने गाठ वाढत नाही.

हास्यक्लबबद्दलही विचारलं जातं. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. आज गावोगावच्या बागांत सकाळी तो आवाज ऐकू येतो. हसून आजार बरे होतात, याला भक्कम पुरावा नाही. पण निवृत्त माणूस रोज घराबाहेर पडतो, चालतो, एक दिवस गेला नाही तर कुणीतरी फोन करतं. सर्दीच्या प्रयोगांतच १९९७ मध्ये दिसलं होतं, की ज्यांची नाती अनेक प्रकारची, म्हणजे घर, शेजार, काम, मंडळ अशी पसरलेली असतात, त्यांना सर्दी कमी होते.

"आजाऱ्याचं मन सांभाळा, बाकी आपण धट्टेकट्टे आहोत"

ज्याच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवं तो माणूस बहुधा पलंगाच्या शेजारी बसलेला असतो. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, घरात अल्झायमरच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या, आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. जखमेचे फोटो काढत राहिले आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहत राहिले. फेस आला नाही की जखम भरली असं समजायचं. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा अभ्यास १९९५ चा. दुसऱ्याच वर्षी अशाच सेवेकऱ्यांत फ्लूची लसही कमी लागू पडत असल्याचं दिसलं.

आपल्याकडे ही सून असते, बायको असते, कधी नोकरी सोडून आलेली मुलगी. ती चिडली तर "तुझ्यानेच मन लावून होत नाही" असं ऐकवलं जातं. तिला ध्यानधारणेचा सल्ला देण्याआधी झोपेचा हिशेब मांडावा. १६४ जणांवरच्या २०१५ च्या सर्दीप्रयोगात, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट होता. म्हणून रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. भावाबहिणींनी आठवड्यातल्या दोन रात्री तरी स्वतःकडे घ्याव्यात, ते जमत नसेल तर रात्रीच्या बाईचे पैसे द्यावेत. आणि रुग्णाच्या फाइलमध्येच तिचंही ब्लडप्रेशर, साखर आणि लसीची तारीख लिहून ठेवावी.