तिघेच उरतात तेव्हा: कबड्डीतला बचाव टप्प्याटप्प्याने

महाविद्यालयांच्या कबड्डी स्पर्धेत एक क्षण हमखास येतो. एका संघाचे चार खेळाडू बाद होऊन बाहेर बसलेले असतात, मैदानात तिघे उरतात आणि समोरचा चढाईपटू मांडीवर थाप मारून आत येतो. कडेला उभी असलेली माणसे म्हणतात, आता लोण चढणार. लोण म्हणजे अख्खा संघ बाद होणे. पण पुष्कळदा त्याच घटकेला पकड होते आणि सामना फिरतो.

परभणीची बहुतेक पारंपरिक महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात उतरतो. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेवर असेल, तर तिघांचा बचाव कसा चालतो हे एकदा नीट समजून घ्या. त्यासाठी खेळाची आधी ओळख असण्याची गरज नाही.

पहिला टप्पा: मैदान ओळखणे

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे पट्टे असतात, त्यांना राखीव क्षेत्र म्हणतात. झटापट सुरू होईपर्यंत या पट्ट्यात पाय टाकायचा नसतो. त्यामुळे सुरुवातीला राखायची रुंदी आठच मीटर असते.

मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने निदान ही रेषा तरी ओलांडलीच पाहिजे. कोणालाही न शिवता, ती न ओलांडता तो परतला, तर तो बाद. तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील, तरच ती ओलांडून चढाईपटूला जादा गुण मिळतो.

आता हिशेब करून पाहा. समोर तिघेच असतील, तर बोनस मिळत नाही. गुण हवा असेल, तर चढाईपटूला कोणाला तरी शिवावेच लागते. निदान रेषेच्या मागे बचावाला पावणेतीन मीटर जागा उरते. तिघे त्या जागेत मागे सरून उभे राहिले, तर शिवायला त्याला खोल आत यावे लागते. जितका तो आत येईल, तितकी परतीची वाट लांबते.

दुसरा टप्पा: गुणांची मोजणी

तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली, तर ती अव्वल पकड ठरते. एकाऐवजी दोन गुण मिळतात. शिवाय चढाईपटू बाद झाला म्हणून आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. जादा गुणामुळे मात्र दुसरा कोणी जिवंत होत नाही.

उलट बाजूही पाहा. तिघांनी मिळून पकडले आणि तरीही चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला, तर तिघेही बाद. त्याचे तीन गुण आणि लोणाचे दोन, असे पाच गुण समोरच्याच्या खात्यात जातात. एका चढाईत एकीकडे दोन आणि दुसरीकडे पाच गुण, म्हणजे दोन्ही शक्यतांत सात गुणांचे अंतर. म्हणूनच इथे घाई परवडत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे मोजणीच विसरणे. अव्वल पकड झाली की चौथा गडी आत येतो आणि पुढच्या पकडीला एकच गुण उरतो. ही गोष्ट लक्षात न घेता तोच धोका पुन्हा पत्करला जातो. अशा वेळी बाकावरून प्रशिक्षकाने आणि मैदानात कर्णधाराने आकडा मोठ्याने सांगत राहावे.

तिसरा टप्पा: जागा वाटून घेणे

सात जण असताना दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात आणि मधल्या भागात मध्यरक्षक. पोरांच्या बोलण्यात यांनाच कॉर्नर आणि कव्हर म्हणतात. तिघे उरले की बहुधा दोघे दोन कोपरे धरतात आणि तिसरा मध्ये थोडा मागे राहतो. काही संघ एका बाजूला दोघे आणि दुसऱ्या बाजूला एक अशी मांडणी करतात.

अडचण अशी की उरणारे तिघे आपल्या पसंतीचे नसतात. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो, असा क्रम असतो. कधी दोन्ही चांगले कोपरारक्षक बाहेर बसलेले असतात आणि आत दोन चढाईपटू राहिलेले असतात. ज्याने सरावात कधी कोपरा धरला नाही, तो इथे सापडतो. म्हणून सरावात प्रत्येकाला, अगदी मुख्य चढाईपटूलाही, कोपऱ्यात उभे करायला हवे.

चौथा टप्पा: थांबणे

हा टप्पा बघणाऱ्याला दिसत नाही, कारण त्यात काहीच घडत नाही. एका चढाईला ३० सेकंद मिळतात. आघाडीवरचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून हात हलवतो आणि परत जातो. याला रिकामी चढाई म्हणतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद.

म्हणजे पहिल्या दोन चढायांत तिघांनी अंगावर जायची गरज नसते. तिसऱ्या चढाईला तो आपणहून आत येणार आहे. बचावाने तोवर पाय जमिनीला धरून, गुडघे वाकवून, त्याच्या कंबरेकडे नजर ठेवून उभे राहायचे. हात आणि डोळे फसवतात. कंबर ज्या दिशेला वळते, तिकडेच माणूस जातो.

सर्वात जास्त बचाव इथेच कोसळतो. कडेचे लोक ओरडतात, “धर, धर!” आणि कोपऱ्यातला मुलगा पहिल्याच चढाईत झेप घेतो. चढाईपटू पाय मागे घेतो, जाता जाता त्याला शिवतो आणि निघून जातो. तिघांचे दोघे होतात. दुसरी चूक परतीच्या वेळची: चढाईपटू पाठ फिरवतो म्हणून बचावपटू त्याच्या मागे जातो आणि तो अचानक वळून लाथ किंवा हात लावतो. माघार घेणाऱ्याचा पाठलाग कधी करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

पाचवा टप्पा: पहिला हात

पहिला हात शक्यतो कोपरारक्षकाचा असतो. चढाईपटूचा एक पाय पुढे टेकला, त्यावर अंगाचा भार आला, की तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही. तोच घोटा धरायचा. भार नसलेला पाय धरला, तर तो झटकून मोकळा होतो. घोट्याशिवाय मांडीची पकड, कंबरेची पकड आणि समोरून छातीने अडवणे हे प्रकार आहेत. नवशिक्याने एकच पकड पक्की करावी. चार अर्धवट पकडी उपयोगाच्या नाहीत.

पकड अंगाला किंवा हातापायांना असावी. केस धरणे, कपडे ओढणे, गळा दाबणे किंवा दम तोडण्यासाठी तोंड दाबणे हे नियमबाह्य आहे. दम म्हणजे चढाईभर चालू ठेवायचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार. समोरच्या मैदानात तो तुटला, तर चढाईपटू बाद होतो.

सहावा टप्पा: दुसरा आधार

घोटा धरलेला माणूस एकटा फार वेळ टिकत नाही. धरलेला चढाईपटू मध्यरेषेकडे अंग टाकतो आणि हात लांबवतो. त्याच्या उंचीएवढी जागा त्याला आपोआप मिळते. म्हणून मधल्या गड्याने त्याच क्षणी त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये यायचे असते. तिसऱ्याने कंबर धरून त्याला मागे, अंतिम रेषेकडे खेचायचे.

इथे चूक होते ती दिशेची. तिघेही मागून धरतात, तिघांचे वजन पुढे जाते आणि तेच चढाईपटूला मध्यरेषेकडे ढकलतात. दुसरी चूक साखळीची. दोघांनी हात धरून केलेल्या जोडीला साखळी म्हणतात. पकडीच्या वेळी हात सोडून अंगाला मिठी मारावी लागते. तो हात उशिरा सुटला, तर चढाईपटू मधूनच निसटतो. कोणी आधी जायचे आणि कोणी आधार द्यायचा हे खुणेने, नुसत्या बोट दाबण्यानेही, ठरवता येते.

सातवा टप्पा: राखीव क्षेत्र

स्पर्श झाला की झटापट सुरू होते आणि कडेचे पट्टे मैदानात धरले जातात. स्पर्शाआधी तिथे पाय पडला, तर खेळाडू बाद. ऐकायला सोपे आहे, पण मोठमोठे संघ इथे अडकले आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांचा पुरुषांचा अंतिम सामना शेवटच्या मिनिटांत २८-२८ असा बरोबरीत होता. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही पाठोपाठ तिथे उतरले. गुण कोणाला किती, यावरून खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारताने सामना ३३-२९ असा जिंकला.

त्यातून बचावपटूने घ्यायचे ते एवढेच: चढाईपटू स्पर्शाशिवाय कडेला गेला, तर त्याच्या मागे पट्ट्यात पाऊल टाकू नये. तो आपला आपण बाद झालेला असतो.

बचावाने फिरलेले सामने

गुणफलक वाचूनही बचावाची ताकद कळते. पुरुषांच्या कबड्डीत १९९० ते २०१४ या काळातली सातही आशियाई सुवर्णपदके भारताने जिंकली होती. २०१८ मध्ये जकार्ताला उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. नामवंत चढाईपटूंनी भरलेल्या संघाला पूर्ण सामन्यात १८ गुणांवर रोखणे हे बचावाचे काम होते. फझल अत्राचली हा इराणचा डावा कोपरारक्षक आपल्याकडेही प्रो कबड्डीमुळे घरोघरी माहीत आहे.

त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला ३४-२९ असे नमवून अजिंक्यपद मिळवले. रिशांक देवाडिगा कर्णधार होता आणि कोपऱ्यात गिरीश इर्नाक होता. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद घेतले. अंतिम सामन्यात दोन्ही संघ तिशीच्या आत राहिले, म्हणजे बहुतेक वेळ खेळ बचावपटूंच्या हातात होता. हांगझोला महिलांनी चायनीज तैपेईवर मिळवलेला विजय तर २६-२५ असा एका गुणाचा होता. एवढ्या फरकाच्या सामन्यात अव्वल पकडीचा तो एक जादा गुणही निकाल ठरवू शकतो.

आठवा टप्पा: आपल्या मातीवरचा सराव

परभणीची काळी माती कापसाला चांगली, कबड्डीला अवघड. ओली झाली की पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मैदान करायचे तर खडे वेचून, चाळलेली मऊ माती पसरून, पाणी मारून, दाबून घ्यावे लागते. भेगेत पाय अडकून घोटा मुरगळणे ही इथली खरी भीती आहे, म्हणून सरावाआधी मैदानावरून एक फेरी मारावीच.

मोठ्या स्पर्धा मॅटवर आणि बूट घालून होतात. मातीवर अनवाणी खेळणारा कोपरारक्षक घोट्यावर झेपावताना घसरत जातो. मॅटवर तसे घसरता येत नाही, गुडघे आणि कोपर सोलवटतात. विद्यापीठाच्या निवडीआधी थोडे दिवस तरी मॅटवर सराव मिळेल का, हे क्रीडाशिक्षकांना आधीच विचारावे.

सरावात सातविरुद्ध सात खेळणे सर्वांना आवडते, पण तिघांचा सराव वेगळा करावा लागतो. तीन बचावपटू आत ठेवा आणि एकाच चढाईपटूला सलग तीन चढाया करू द्या. पहिल्या दोन चढायांत कोणी झेप घेतली, तर डाव पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या चढाईत मात्र पकड करायचीच. दर वेळी तिघांच्या जागा बदला. काही दिवसांत मुलांना कळते की या खेळात दोन चढाया नुसते उभे राहणे हेही काम आहे.

पुढच्या वेळी सामना पाहायला गेलात, की पकडीच्या वेळी घोटा धरणाऱ्याकडे सगळे बघतील. आपण मधल्या गड्याकडे बघा. तो मध्यरेषेच्या बाजूने वेळेवर पोहोचला का, एवढे पाहिले की पंचांची शिट्टी वाजण्याआधीच निकाल आपल्याला कळेल.