मांसल कोंबडीच्या देहातील स्फुरद : मका-सोयाबीन खाद्याच्या संदर्भात

मांसल कोंबडीच्या (ब्रॉयलर) देहातील सुमारे ८० टक्के स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, अस्थींमध्ये कॅल्शियमच्या संयुगरूपाने असते. उर्वरित भाग पेशीपटले, केंद्रकाम्ले व ऊर्जावाहक रेणू यांत आढळतो. अवघ्या सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजन गाठणाऱ्या या पक्ष्याच्या खाद्यात स्फुरद कमी पडल्यास त्याला मुडदूस होतो. पिलू लंगडते आणि खाद्यपात्रापर्यंत पोहोचू शकत नाही.

शिरपूरसारख्या मका पिकविणाऱ्या तालुक्यात ही उणीव भासू नये, असे वरवर वाटते. परंतु मका व सोयाबीन पेंड यांतील सुमारे दोनतृतीयांश स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात बद्ध असते. ते मुक्त करणारे फायटेज हे विकर गाई-म्हशींच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव तयार करतात. कोंबडीच्या आतड्यात ते अत्यल्प असते. १०० किलो खाद्यात ६० किलो मका व ३३ किलो पेंड घेतल्यास एकूण स्फुरद सुमारे ३८० ग्रॅम भरते, पण पक्ष्याच्या उपयोगी पडणारे जेमतेम १२० ग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या शिफारशीनुसार पहिल्या तीन आठवड्यांत ४५० ग्रॅम उपलब्ध स्फुरद आवश्यक असते. ही तूट प्रायः डायकॅल्शियम फॉस्फेटने भरून काढली जाते. त्याचे मूळ रॉक फॉस्फेट या खनिजात असून भारत ते मोठ्या प्रमाणावर आयात करतो. म्हणजे स्फुरद दाण्यात असताना ते पुन्हा विकत घ्यावे लागते.

१९९१ पासून बुरशीजन्य फायटेज व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाले, ते प्रथम नेदरलँड्समध्ये. तेथील प्रेरणा विष्ठेतून होणाऱ्या जलप्रदूषणाची होती, हे विशेष. मात्र गोळीखाद्य बनविताना अतिउष्णतेने हे विकर निकामी होऊ शकते. त्याहून दुर्लक्षित बाब चुन्याची. हाडे बळकट व्हावीत म्हणून स्वतः खाद्य मिसळणारा पालक शिंपल्यांचा चुरा सढळ हाताने घालतो. जादा कॅल्शियम फायटेटशी संयोग पावून त्यास अधिकच अविद्राव्य करते. हेतूच्या नेमके उलट घडते.

न पचलेले स्फुरद विष्ठेबरोबर तुसाच्या गादीत आणि कोंबडीखतातून शेतात जाते. तापी खोऱ्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तेथेही कॅल्शियम त्यास पकडून ठेवते. पिकास ते सावकाशच मिळते. करारपद्धतीच्या कुक्कुटपालनात खाद्य कंपनीकडून येत असल्याने पालकाच्या हाती मुख्यतः हे खतच उरते. ते कुजवून, स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंसह वापरणे अधिक फायद्याचे ठरते.