भार त्याच्यावर

‘माझ्याशिवाय घरातलं पान हलत नाही,’ असं आपण बायका किती सहज म्हणतो, नाही? मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपत आली आणि 1896-97 चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. शेकडो तोंडं, अन् पुढच्या पैशांची खात्री नाही! ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंचा भरवसा एकच, देव दिला शब्द मोडत नाही.

म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत हं! पुण्याजवळ केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. तरी केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांना वेळेवर औषध देणं, कुशीवर वळवणं माझ्या हातात आहे. त्यांचं बरं होणं नाही. ते मी देव्हाऱ्यापाशी ठेवते, तेव्हा कुठे डोळा लागतो.

मैत्रिणींनो, देवाला कोणत्याही नावाने हाक मारा. कष्ट आपण करूच, पण उद्याची काळजी आज रात्रीपुरती तरी त्याच्यावर सोपवून बघा.