डिलीट केलेली फाइल जाते कुठे?

संगणक सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे! दहा-बारा वर्षं वापरलेल्या संगणकाची ही तक्रार घरोघरी सारखीच, आणि उपायही ठरलेला: ‘फोटो फार झालेत, उडवून टाक.’ फोटो उडवले जातात, संगणक ढिम्म. साहजिकच आहे. न उघडलेली फाइल डिस्कवर निपचित पडून असते. प्रोसेसरला तिचा काडीचाही भार नसतो. कुरकुर सुरू होते ती डिस्क गळ्यापर्यंत भरल्यावर.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. एका उडीला झाले १७-१८. आता १०० एमबीची फाइल घ्या. सलग असेल तर सेकंदा-दीड सेकंदात वाचून होते. तिचेच विखुरलेले २,००० तुकडे असतील, तर नुसत्या उड्यांमध्येच ३४ सेकंद खर्ची पडतात. कान देऊन ऐकलंत तर ती कटकट ऐकूही येते.

हे तुकडे पाडण्यात डिलीट करण्याचाही हात असतो. फाइल रिसायकल बिनमध्ये टाकल्यानं डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. फाइलचा फक्त पत्ता बदलतो. बिन रिकामी केल्यावरही मजकूर पुसला जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव कमी व्हावं आणि शेतातलं पीक तसंच उभं राहावं, तसा प्रकार. ती जागा ‘मोकळी’ अशी नोंद होते, एवढंच. अशा लहान-मोठ्या फटी डिस्कभर तयार होतात. डिस्क रिकामी असताना नव्या फाइलला सलग जागा मिळते. ९५ टक्के भरली की ती मिळेल त्या फटींत कोंबली जाते. विंडोज एक्सपीमधला डीफ्रॅगमेंट प्रोग्रॅम कामाला १५ टक्के मोकळी जागा मागायचा, ते उगाच नव्हे. तुकडे जुळवायचे तर ते ठेवायला ओटा हवाच. व्हिस्टापासून हे काम विंडोज ठरल्या वेळी आपलं आपणच करू लागली.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकड्यांचं दुखणं जवळजवळ संपतं. अडचण निराळी आहे. तिथे लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं आणि पुसायचं तर अख्खा गठ्ठा. विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच ‘ट्रिम’ नावाचा निरोप एसएसडीला जातो आणि फुरसतीत ती साफसफाई उरकते. एसएसडी काठोकाठ भरली तर मात्र फुरसत आणि जागा दोन्ही संपतात, आणि लिहिण्याचा वेग घसरतो. तिच्यावर डीफ्रॅगमेंट चालवणं म्हणजे नुसती झीज.

खरं सांगायचं तर अनेकदा डिस्क उगाच बदनाम होते. टास्क मॅनेजर उघडून पाहा. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर आणि शेजारी डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी पडते आहे. रॅममध्ये न मावणारा माल विंडोज डिस्कवर नेऊन ठेवते आणि परत आणते, तेही त्याच १७ मिलिसेकंदांच्या उड्या मारत. इथे फोटो उडवून काही व्हायचं नाही. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बंद करा, आणि चार पैसे खर्चायचेच असतील तर जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा. माझ्या मते यापेक्षा गुणकारी औषध नाही.

मात्र काढलेली हार्ड डिस्क तशीच भंगारात देऊ नका. त्यातले ‘उडवलेले’ फोटो, पासबुकाचे स्कॅन, आधारच्या प्रती साध्या सॉफ्टवेअरनंही परत मिळू शकतात. क्विक फॉरमॅटही तिथे कुचकामी. फॉरमॅटच्या चौकटीतली ‘क्विक’ची खूण काढा; व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये मग डिस्कवर टोकापासून टोकापर्यंत शून्य लिहिली जातात. मोठ्या डिस्कला काही तास लागतील, लागू देत.