समजून घ्या : भिजलेलं सोयाबीन गोबर गॅसच्या टाकीत टाकावं का?

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस आला, की काळा पडलेला माल कुठे टाकायचा हा प्रश्न येतोच. दारात गोबर गॅस असेल तर हात आपोआप त्या टाकीकडे जातो. पण सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात आणि टाकीचं गणित तिथेच बिघडतं.

आत काय घडतं?

टाकीत हवा नसते. तिथले काही जीवाणू, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम, प्रथिनं तोडतात. त्यातून आम्लं तयार होतात आणि अमोनियाही सुटतो. पुढे दुसरे सूक्ष्मजीव आम्लांपासून मिथेन बनवतात. पहिल्या गटातले अनेक जीवाणू काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्यांपैकी काहींना मात्र कित्येक दिवस लागतात. पुढच्यांनी भरभर कापणी केली आणि मागे मळणीच होत नसेल, तर खळ्यावर ढीगच साचणार!

वेग मोजतात कसा?

काचेच्या बाटलीत केसीनसारखं प्रथिन असलेलं द्रावण घेतात. ते उकळून, नायट्रोजन सोडून त्यातली हवा काढतात. रेझाझुरिन नावाचा रंग घातलेला असतो. द्रावण गुलाबी दिसलं तर प्राणवायू शिल्लक आहे असं समजायचं. रंग गेला की रबरी बुचातून सुईने जीवाणू सोडतात. मग दर काही तासांनी थोडा नमुना काढून त्याचा गढूळपणा मोजतात.

समजा, गढूळपणा 6 तासांत 0.10 वरून 0.40 झाला. म्हणजे दोनदा दुप्पट झाला आणि दुप्पट होण्याचा काळ निघाला 3 तास. 0.693 ला 3 ने भागलं की वाढीचा दर येतो, ताशी सुमारे 0.23. अन्न कमी-जास्त करून हेच पुन्हा करतात. अन्न आणि वेग यांचं नातं फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी 1940च्या दशकात सूत्रात मांडलं. अन्न वाढवलं तर वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच.

शेणकाल्यात ही युक्ती चालत नाही, कारण तो आधीच गढूळ असतो. तिथे किती प्रथिन संपलं, किती अमोनिया सुटला आणि किती वायू आला, यावरून अंदाज बांधावा लागतो. बाटलीतला आकडा जसाच्या तसा टाकीला लावणं म्हणूनच धोक्याचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर अनेक वर्षं काम झालं आहे. हे जीव वाढवायलाच मुळात चिकाटी लागते.

मग सोयाबीनचं काय?

प्रथिनात साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक किलो सोयाबीनमधून सुमारे 64 ग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. एक किलो ताज्या शेणात तो जेमतेम 3 ते 5 ग्रॅम असतो. प्रथिनं तुटली की यातला बराचसा अमोनिया होतो आणि तो जास्त झाला की मिथेनवाले मंदावतात. उष्णता वाढली की त्याचा त्रासदायक भागही वाढतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त जपायला हवं.

टाकायचंच असेल तर भरडून, रोज थोडं, भरपूर शेणासोबत टाका. सरकीच्या ढेपेलाही हेच लागू. गॅस कमी झाला, ज्योत टिकेना आणि मळीला अमोनियाचा उग्र वास येऊ लागला, तर सोयाबीन थांबवून काही दिवस फक्त शेण-पाणी घाला.