गंजलेली पाइपलाइन : खोदण्याआधी अस्तराचा विचार करा

रंगाईच्या कारखान्यात जमिनीखालची पाइपलाइन गंजली की मालकाला एकच उपाय सुचतो. लादी फोडायची, जुना पाइप काढायचा आणि नवा टाकायचा. अशा वेळी पाइपापेक्षा खोदाई, भराई आणि बंद कामाचाच खर्च जड जातो. ऐन हंगामात काम थांबले तर ऑर्डर हातची जाते आणि रोजंदारीवरील कारागिराची चूल थंडावते. यावर एक पर्याय आहे. जुना पाइप जागीच ठेवून त्याला आतून अस्तर चढवायचे.

ही पद्धत एरिक वुड यांनी १९७१ साली लंडनमध्ये गटाराच्या पाइपावर प्रथम वापरली. अमेरिकेत १९७७ साली तिला पेटंट मिळाले. १९९४ मध्ये त्याची मुदत संपली आणि इतर कंपन्यांनाही मार्ग मोकळा झाला.

काम कसे होते?

प्रथम जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गंज व गाळ काढतात आणि कॅमेरा आत सोडून पाहणी करतात. मग नमद्यासारख्या पॉलिस्टर कापडाची नळी रेझिनमध्ये भिजवून, बाही उलटवावी तशी पाणी किंवा हवेच्या दाबाने आत उलटवत नेतात. रेझिनची बाजू जुन्या पाइपाला चिकटते. गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांनी ती कडक झाली की पाइपाच्या आत नवा पाइप तयार होतो. शेवटी जोडनळ्यांची तोंडे यंत्राने आतून कापून मोकळी करतात.

अस्तराने पाइप अरुंद होईल, ही शंका रास्त आहे. ३०० मिलिमीटरच्या पाइपात ६ मिलिमीटर अस्तर दिल्यास पाणी जाण्याची जागा सुमारे ८ टक्के घटते. पण पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने प्रवाह सहसा कमी होत नाही. उलट १०० मिलिमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी १० मिलिमीटर गंज साचला, तर ६४ टक्केच जागा उरते.

कोठे चालत नाही?

बॉयलरच्या वाफेच्या लाइनला हा उपाय नाही. ढासळलेल्या किंवा चेपलेल्या पाइपात अस्तर बसत नाही. फार वळणे असतील तर अडचण येते. लाइन दाबाची असेल तर तो दाब पेलणारे अस्तर लागते.

कंत्राटदाराला चार गोष्टी जरूर विचाराव्यात. आपल्या पाण्यातील आम्ल, क्षार आणि तापमान हे रेझिन सोसेल काय? पिण्याच्या पाण्याची लाइन असल्यास रेझिन त्यासाठी प्रमाणित आहे काय? कामाआधीचे व नंतरचे कॅमेरा चित्रण मिळेल काय? हमी लेखी आहे काय?

आणखी एक दक्षता घ्यावी. पॉलिस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते आणि गटारात विषारी वायू असतो. हवा तपासल्याशिवाय व सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही आत उतरवू नये. पैसे वाचवताना कामगाराचा जीव पणाला लावणे हा कधीच फायद्याचा सौदा नाही.